नवसागर आणि राळ

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, ही आमच्या घरातली जुनी चाल. झाडताना दरवर्षी काहीतरी सापडते, ते पाहत बसण्यात दुपार जाते आणि माळा अर्धाच झाडून होतो, हीही चालच. गेल्या वर्षी एका जुन्या सतरंजीच्या वळकटीतून आमचा ट्रान्झिस्टर निघाला. अण्णांनी तो १९६६ साली घेतला होता. भोके पाडलेले चामड्याचे आवरण, पाठीमागे चार मोठ्या सेलांची जागा आणि आवरणाच्या कप्प्यात पोस्टाचे शिक्के मारलेले लायसन्सचे पुस्तक. घरात रेडिओ ऐकायला दरवर्षी पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर आपण थट्टा करतो आहोत असे त्यांना वाटते.

आई खाली पणत्या पुसत बसली होती. तिने चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला कीर्तनाचा रेडिओ!" नरकचतुर्दशीला अण्णा चार वाजता उठत, बंब पेटवत आणि हा ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवत. आम्ही मुले उटण्याने माखून कुडकुडत रांगेत बसलेलो आणि आकाशवाणीवर नरकासुराचे आख्यान चाललेले. कीर्तन संपल्याशिवाय फटाक्याला वात लावायची नाही, असा अण्णांचा दंडक होता.

"चालेल का रे हा?" आईने विचारले.

मी काही बोललो नाही. तो का चालत नाही, हे घरात फक्त मला ठाऊक होते. निदान तसा माझा समज होता.

झाले होते ते असे. १९७८ च्या मे महिन्यात रेडिओचा आवाज खरखरत बारीक झाला आणि एके दिवशी गेला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. "ड्राय सोल्डर" हा शब्द कुठूनतरी कानावर पडलेला होता. रेडिओतला एखादा सांधा नीट जुळलेला नसला की आवाज जातो, तो पुन्हा डाखला की रेडिओ बोलू लागतो, एवढे माझे ज्ञान. अण्णा गावी गेले होते. मी रेडिओ उघडला आणि डाख आणायला कोपऱ्यावरच्या पत्र्याचे काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. ते बादल्यांना बूड बसवीत, स्टोव्हच्या टाक्या सांधीत. त्यांनी डाखाची एक कांडी आणि शाईच्या दौतीत थोडे "पाणी" दिले. देताना विचारले, "बेटा, कशाला लावणार?" मी सांगितले, "डब्याला."

त्या पाण्याने काम मोठे झकास झाले. पाण्याचा थेंब लावायचा, तापलेली सळई टेकवायची, की डाख चुर्र करून पसरायचा. पंचवीसतीस सांधे मी चांदीसारखे चकचकीत केले. रेडिओ मात्र बोलला नाही. तो मी मुकाट्याने बंद करून ठेवला. श्रावणात पुन्हा उघडून पाहिला तेव्हा आतली तांब्याची नक्षी हिरवी झालेली होती, मधूनमधून पांढरी भुकटी साचलेली होती आणि दोनतीन रेषा तर खाऊन नाहीशा झाल्या होत्या. त्या दिवाळीला अण्णांनी रेडिओ लावून पाहिला, दोनदा थोपटला आणि सतरंजीत गुंडाळून माळ्यावर ठेवला.

तो डाख चांगला होता. ते पाणीही चांगले होते. पण डाख कशाला लावायचा आणि त्याच्या आधी काय लावायचे, हे जुने शास्त्र आहे. आणि पहिल्या भागापेक्षा दुसरा भाग महत्त्वाचा आहे, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. वास्तविक ते आमच्या वाड्यातच मला दरवर्षी दिसत होते.

दसरा झाला की वाड्यात कल्हईवाला येई. अंगणात खड्डा करून तो भट्टी मांडी, भाता लावी, आणि घराघरातून पितळेची पातेली, तांब्याची सतेली आणि गंज त्याच्यापुढे येऊन पडत. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. भांडे घासून भट्टीवर धरले की ते तापून काळवंडे. मग तो चिमूटभर नवसागर आत टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाकात झणका जाई. त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवून तो कापसाच्या बोळ्याने भांडे असे काही फिरवी, की काळ्याचे पांढरे झालेले डोळ्याला दिसे पण कधी झाले ते दिसत नसे. मग भांडे पाण्यात. चर्र! आम्हा पोरांना फटाक्यांच्या खालोखाल त्या आवाजाचे वेड होते.

यात मजा कथलाची नाही, नवसागराची आहे. तांबे हवेत तापले की त्याच्यावर प्राणवायूच्या संयोगाने एक पापुद्रा धरतो. वितळलेले कथील त्या पापुद्र्याला शिवत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळी होऊन पळते. नवसागर तापला की त्याचे दोन भाग होतात, एक अमोनिया आणि दुसरे मिठाचे आम्ल. हे आम्ल पापुद्रा खाऊन टाकते, खाली कोरे तांबे उघडे पडते आणि त्याला कथील मिठी मारते. वर उठणारा पांढरा धूर म्हणजे तेच दोन भाग हवेत पुन्हा एकत्र आलेले. या मध्यस्थाला इंग्रजीत फ्लक्स म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाहणे.

सोनाराजवळ असाच मध्यस्थ असतो, टाकणखार. सोन्याचांदीच्या झाळीला विस्तव फार लागतो, तिथे नवसागर धूर होऊन निघून जाईल. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो आणि सांध्यावर पांघरूण घालतो. पत्र्याच्या कामात मिठाच्या आम्लात जस्ताचे तुकडे टाकून, बुडबुडे थांबेपर्यंत ते "मारून" ठेवतात. माझ्या दौतीतले पाणी ते हेच. काम तिघांचेही एकच, साफसफाईचे. स्वभाव मात्र निराळे.

ही विद्या किती जुनी असावी? रोमन ग्रंथकार प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, त्याने आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात डाखाची पाककृतीच देऊन ठेवली आहे. रोमन लोक शिशाला काळे शिसे म्हणत आणि कथलाला पांढरे शिसे. दोन भाग काळे आणि एक भाग पांढरे असे मिश्रण पाण्याचे नळ सांधायला वापरीत. शिवाय, शिशाला शिसे जोडायचे तर कथील हवेच, आणि ते जोडताना तेलही हवे, असेही तो नोंदतो. ते तेल म्हणजे फ्लक्सच. रोममधला नळकाम्या आणि आमचा कल्हईवाला यांची गाठ पडली असती तर भाषेची अडचण फार वेळ टिकली नसती.

आता शिसे आणि कथील यांच्या मिश्रणातली गंमत पाहा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ ला. दोन्ही मिसळली तर मधला एखादा आकडा यावा असे आपल्याला वाटते. पण १०० भागांत कथील सुमारे ६२ आणि बाकी शिसे असे धरले, तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, म्हणजे दोघांपेक्षाही लवकर. फ्रेडरिक गथ्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ साली अशा मिश्रणांना ग्रीकवरून नाव दिले, यूटेक्टिक. म्हणजे सहज वितळणारे. बाजारात हा डाख ६३:३७ म्हणून मिळतो. त्याचा भाऊ ६०:४०. तीन टक्क्यांनी काय होते, असे कोणी म्हणेल. ज्यांनी दिवाळीत लाडवांसाठी पाक केला आहे त्या भगिनी तसे म्हणणार नाहीत. ६३:३७ हा द्रवाचा एकदम घट्ट होतो. ६०:४० मध्ये काही अंशांची एक अर्धवट अवस्था येते, ना पातळ ना घट्ट, आणि नेमक्या त्या वेळी हात हलला तर सांधा आतून चरबरीत होतो. वरून मळकट दिसतो, आतून वीज कधी जाऊ देतो, कधी नाही. ड्राय सोल्डरचा एक प्रकार हाच. कारखान्यात स्थिर हाताला दोन्ही सारखेच. जुन्या यंत्रावर वाकून, चष्मा सावरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ६३:३७ बरा.

पण हे झाले डाखाचे. रेडिओ आला तेव्हा खरा प्रश्न पडला तो फ्लक्सचा. विजेच्या बारीक तारा जोडायला पत्र्याच्या कामातले आम्ल चालेना. पातेले कल्हई लावून झाले की पाण्यात बुडते, मग रोज घासले जाते. नवसागर शिल्लक राहील कुठे? रेडिओला कोण आंघोळ घालणार? सांध्याभोवती राहिलेले जस्ताचे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात, ओले होतात आणि तांबे खायला लागतात. त्यातला क्लोरीनचा अंश खाऊन संपत नाही. क्षार तयार करतो, त्यातून मोकळा होतो आणि पुन्हा खातो. आमच्या पावसाळ्यात तर त्याला रोज मेजवानी. माझ्या रेडिओतली हिरवळ आणि पांढरी भुकटी ही त्या मेजवानीची उष्टी पत्रावळ होती.

यावर सापडलेला उपाय होता राळ. सारंगी किंवा व्हायोलिन वाजवणारे गजाला जी पिवळसर खड्याची राळ घासतात, तीच. पाइन जातीच्या झाडाला खाच पाडून डिंक काढतात. त्यातून टर्पेंटाइन उडवून लावले की मागे जो काचेसारखा ठिसूळ गोळा राहतो, तो. युरोपात तिला कोलोफनी असेही म्हणतात. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या कोलोफॉन या प्राचीन ग्रीक शहरावरून ते नाव आले. राळेतही आम्ल असते, पण ते सौम्य, आणि मुख्य म्हणजे थंड राळ काहीच करीत नाही. तापली की वितळते, पापुद्रा खाते; निवाली की पुन्हा काच होते आणि उरलेसुरले आम्ल आपल्याच पोटात कोंडून बसते. ना ओलावा ओढते, ना वीज वाहू देते. आपल्याकडे "राळ उडवणे" म्हणजे बदनामी करणे. बिचाऱ्या राळेचा स्वभाव पाहता हा वाक्प्रचार अन्यायाचाच म्हणायचा.

पुढे डाखाची तार पोकळ करून तिच्या पोटातच राळ भरू लागले, आणि डाख व फ्लक्स यांचा संसार एकत्र झाला. अशी तार हातात घेऊन माणसांनी केवढी कामे केली आहेत! मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातला एक आद्य संगणक बांधला गेला. १९६० साली तो पूर्णपणे चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. रेझिस्टरला दोन टोके. म्हणजे नुसत्या रेझिस्टरांचेच २५,००० सांधे. संगणक म्हटले की आपल्याला गणित आठवते. मला आधी हे सांधे आठवतात आणि त्यांच्यावर वाकलेल्या माना.

या माना सरळ करण्याचे श्रेय पाउल आयस्लर या गृहस्थाला दिले पाहिजे. जन्म व्हिएन्नाचा, १९०७ चा, धर्माने ज्यू. शिक्षण इंजिनियरचे, पण त्या काळच्या ऑस्ट्रियात त्याला धड नोकरी मिळेना. छापखान्याच्या धंद्यात त्याचे काही दिवस गेले. १९३६ साली तो इंग्लंडला आला, तो छापण्याची कल्पना डोक्यात घेऊनच: तारा जोडत बसण्यापेक्षा तांब्याचा पत्रा फळीवर चिकटवावा, हव्या त्या रेषा छापाव्यात, बाकीचे तांबे आम्लाने खरवडून काढावे. त्याने असा रेडिओ करून दाखवला. एका कारखान्याने त्याला सांगितले, की तारा जोडणाऱ्या मुली आम्हाला याहून स्वस्त पडतात! युद्धात मात्र अमेरिकनांनी छापील जोडण्या तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये वापरल्या आणि युद्धानंतर त्या घराघरात आल्या. १९५६ साली इंग्लंडमध्ये वितळलेल्या डाखाची लाट उसळवून तिच्यावरून अख्खी फळी सरकवण्याची युक्ती निघाली. शेकडो सांधे काही क्षणांत. आमच्या ट्रान्झिस्टरमधली फळी अशाच एखाद्या लाटेवरून गेलेली असणार.

या जुन्या फळ्या म्हणजे काय, तर बेकेलाइटच्या जातीच्या चिकात भिजवलेले, दाबून पक्के केलेले कागदाचे थर. त्यांच्यावर तांबे नुसते चिकटवलेले. उष्णता जरा जास्त झाली, की चिकटा सुटतो आणि तांब्याची रेघ सापाच्या कातेसारखी उचलून येते. म्हणून जुन्या फळीला लवकर वितळणारा डाख हवा आणि सळई दोनतीन सेकंदांच्या वर टेकता कामा नये. माझ्या लहानपणीची सळई चुलीतल्या कोलतीच्या योग्यतेची होती, हे आता लक्षात येते.

दुसरे एक पथ्य आहे, ते मला फार आवडते. कथील हा मोठा खादाड धातू. ज्याला चिकटतो त्याला थोडे खातो. तांब्याच्या सळईचे टोक वापरून वापरून झिजते ते उष्णतेने नव्हे, कथील ते खाते म्हणून. तेव्हा एका इंग्रज कंपनीने डाखातच दीड टक्का तांबे आधी घालून ठेवले: पोट भरलेले असले की तो टोकावर तुटून पडत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतातल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे ऑसिलोस्कोप १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रयोगशाळांतून मानाने मिरवत. त्यांच्यात सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर जोडलेले असत आणि मातीला डाख धरावा म्हणून खाचांत चांदीचा मुलामा असे. साधा डाख लावला तर तो चांदीच खाऊन टाकणार, आणि मग खाच कायमची कोरडी. म्हणून तीन टक्के चांदी घातलेला डाख वापरायचा. आणि दुरुस्त करणाऱ्याला तो ऐनवेळी कुठे मिळणार? तर कंपनीने प्रत्येक यंत्राच्या पोटात त्या डाखाचे एक लहानसे रीळ ठेवून दिलेले असे. वीस वर्षांनी कोणी अनोळखी माणूस हे यंत्र उघडील, त्याच्या हातून ते बिघडू नये, एवढा विचार करणारे लोक! माझ्या १९७८ सालच्या मे महिन्यात असे एखादे रीळ सापडले असते तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

असो. रेडिओ दुरुस्त करायचे ठरले, तेव्हा माझी पुतणी मदतीला आली. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकते. येताना तिने स्वतःची डाखाची तार आणली. मी रीळ फिरवून पाहिले: कथील साडेशहाण्णव टक्के, चांदी तीन, तांबे अर्धा. शिशाचे नाव नाही.

"अगं, हा नको," मी म्हणालो.

"काका, शिसं विषारी असतं. युरोपने १ जुलै २००६ पासून बंद केलं, आपल्याकडेही २०१४ पासून नव्या मालात त्याच्यावर मर्यादा आहे."

तिचे खरे होते. फेकून दिलेल्या यंत्रांतले शिसे जमिनीत आणि पाण्यात उतरते, म्हणून हे नियम झाले आणि ते योग्यच झाले. तिच्या वयाच्या मुलांना शिशाची भीती वाटते, हेही चांगलेच. पण तिचा डाख २१७ ते २२० अंशांना वितळणारा. आमच्या म्हाताऱ्या फळीला तेवढे जास्तीचे पस्तीस अंश म्हणजे उन्हाळ्यात अनवाणी चालायला लावण्यासारखे. शिवाय जुन्या सांध्यांत शिसे आहेच. दोन्ही मिसळून तिसरेच काही तयार होते आणि ते कुठल्या अंशाला वितळते याचा भरवसा नाही. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. युरोपच्या नियमात आधी विकल्या गेलेल्या यंत्रांच्या सुट्या भागांना सूट ठेवलेली आहे. आम्ही तडजोड केली: डाख शिशाचा, खिडकी उघडी, काम संपल्यावर हात साबणाने, आणि टेबलावर फराळाची बशी आणायची नाही. धुराबद्दल मात्र तिला एक नवे सांगितले. डाखताना निघणारा धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो; पण तोही छातीला वाईट, नेहमी हुंगणाऱ्याला दमा जडतो. गरीब स्वभावाच्या राळेचा एवढाच एक अवगुण. आणि हा डाख चुकूनही स्वयंपाकाच्या भांड्याकडे जाता कामा नये. कल्हईला निर्भेळ कथीलच हवे.

मग दोन रविवार आम्ही फळी धूत होतो. आधी कोमट शुद्ध पाणी आणि मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पुन्हा तेच. सेलांच्या घरात जुना क्षार फुटलेला होता. तो खरवडताना मला हसू आले. त्या काळच्या साध्या सेलांत नवसागर भरलेला असे; लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थाने १८६६ साली ती युक्ती काढली. म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर आमच्या रेडिओत माझ्याही आधीपासून मुक्कामाला होता!

तांबे स्वच्छ झाल्यावर फ्लक्सची निवड. राळेच्या फ्लक्सच्या तीन पायऱ्या असतात: नुसती राळ, किंचित जोर दिलेली आणि पुष्कळ जोर दिलेली. नुसत्या राळेला साठ वर्षांचा पापुद्रा आवरत नाही. फार जोराची राळ मागे काय ठेवील सांगवत नाही. पाण्याने धुऊन टाकायचे फ्लक्स निघाले आहेत, ते कामाला तरबेज. पण कागदी फळी आणि तारांची वेटोळी पाणी पितात, मग धुणार काय? आम्ही मधली पायरी धरली. तांब्याच्या विणलेल्या पट्टीने माझा १९७८ चा डाख टिपून काढला, राळ लावली, आणि ६३:३७ ची बारीक तार घेऊन एकेक सांधा पुन्हा भरला. खाऊन गेलेल्या रेषांच्या जागी बारीक तारा टाकल्या. पुतणीचा हात माझ्यापेक्षा हलका. शेवटचे दहाबारा सांधे तिनेच केले.

रेडिओ बोलला नाही.

सांधे सगळे उत्तम. सुकलेले कंडेन्सर बदललेले. शेवटी पुतणी मीटर घेऊन एकेक ट्रान्झिस्टर तपासू लागली आणि एका लहानशा नळकांड्यापाशी थांबली. ते एएफ-११७ जातीचे. त्याला तीनाऐवजी चार पाय. चौथा पाय फक्त बाहेरच्या डबीला जोडलेला. आतल्या भागाचा त्या डबीशी काही संबंध नसायला हवा, पण मीटर सांगत होते, आहे. या जातीच्या ट्रान्झिस्टरांचे हे दुखणे आता जगभर ठाऊक झाले आहे. डबीला आतून शुद्ध कथलाचा मुलामा असे, आणि शुद्ध कथलाला वर्षानुवर्षांनी केस फुटतात. खरेच केस, केसापेक्षाही बारीक, धातूचे. ते वाढत वाढत आतल्या भागाला टेकतात आणि वीज भलतीकडे वळते. कथलात थोडे शिसे मिसळले की हे केस सहसा येत नाहीत. शिसे काढून टाकल्यापासून नव्या यंत्रांच्या कारखानदारांनाही या केसांची धास्ती असते, हे पुतणीने पुस्तकात वाचले होते, पाहिले पहिल्यांदाच.

तिने कात्रीने तो चौथा पाय कापला. खरखर सुरू झाली.

म्हणजे १९७८ साली रेडिओ बिघडला तो सांध्यांमुळे नव्हेच. एक पाय कापायचा होता, आणि मी पंचवीसतीस चांगले सांधे आम्लाने जाळले होते.

संध्याकाळी आईजवळ बसून मी तिला सगळे सांगितले. दौतीतले पाणी, चाचांशी बोललेले खोटे, सगळे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच तो बिघडवला. त्या वेळी मी ओल्या फडक्यानं पुसला होता ना. यांना सांगायचं धाडस झालं नाही."

नरकचतुर्दशीला पहाटे रेडिओ खिडकीत ठेवला. बंब आता नाही, पाणी गीझरचे. मध्यम लहरींवर काटा फिरवता फिरवता हल्लीच्या विजेच्या दिव्यांची खूप गुणगुण मध्ये येते, पण तिच्या आड सनई सापडली. पुतणी फुलबाजी घेऊन दारात उभी होती. आईने तिला हाताने थांबवले.

"संपू दे," ती म्हणाली, "मग लाव."